चांद्याचा दगड, नागपूरचे दालन

मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी पहाटेच्या अंधारात, ओळखपत्रांची तपासणी उरकून फाटक उघडण्याची वाट पाहत जी मंडळी उघड्या जिप्सी गाड्यांत कुडकुडत बसलेली असतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात त्या घटकेला एकच प्राणी वसत असतो. आणि त्यात गैर असे काहीच नाही, कारण त्याच्याच दर्शनासाठी ती लांबून आलेली असतात. फाटक उघडते, गाड्या आत शिरतात, आणि ताडोब्याच्या तलावाकडे जाणाऱ्या त्या रस्त्याच्या कडेने, ठरावीक अंतराअंतरावर, झुडपांतून माथे वर काढून उभे असलेले जुने दगडी खांब एकामागून एक सरकू लागतात. गोंड राजांच्या अमदानीत या खांबांतून दोरखंड ओवून त्यांना घंटा बांधीत, राजाची स्वारी निघाली म्हणजे घंटानादाने पुढच्या मुक्कामास वर्दी पोहोचे, असे गाईड सांगतात. वाघ दिसला नाही तर ही हकीकत सविस्तर ऐकावयास मिळते; वाघ दिसला तर खांब मुकाट्याने मागे पडतात.

या अरण्यप्रदेशाचा प्राचीन वारसा दोन भागांत विभागलेला आहे. एक भाग जेथल्या तेथे राहिला: रस्त्याकडेचे हे खांब, तलावाकाठी वृक्षातळीचे तारूदेवाचे ठाणे, भद्रावतीजवळच्या विजासन टेकडीतील बौद्ध लेणी, चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, परकोट आणि त्याच्या आतील गोंड राजांच्या समाध्या, वैनगंगा जेथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते त्या वळणावरचे मार्कंड्याचे देवालय. दुसरा भाग हलला. कोणी उचलून नेला, कोणी सरकारजमा केला, कोणी विद्येच्या प्रेमाने जपण्यासाठी पाठविला. या दुसऱ्या भागाचा माग काढू लागलो, तर वाट बहुधा भद्रावती-वरोऱ्यावरून किंवा चिमूर-उमरेडवरून नागपुरासच जाते, आणि नागपुरात सिव्हिल लाइन्समधील त्या जुन्या इमारतीपाशी थांबते, जिला सरकारी दफ्तरात मध्यवर्ती संग्रहालय असे नाव असले तरी खेड्यापाड्यांतून येणारा माणूस आजही अजब बंगला म्हणूनच ओळखतो.

या संस्थेची स्थापना १८६३ सालची. तत्पूर्वी दहा वर्षे, १८५३ मध्ये, भोसल्यांचे राज्य खालसा झाले होते. पाच वर्षांपूर्वी, १८५८ मध्ये, चांद्याच्या दक्षिणेकडील जंगलात बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता आणि त्याच वर्षी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली होती. दोन वर्षांपूर्वी, १८६१ मध्ये, नागपूरचा आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून मध्यप्रांत नावाचा नवा सुभा बनविण्यात आला होता. या नव्या प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी हे संग्रहालय उभारले. टेंपल हे जात्याच उद्योगी आणि लेखणीचे सढळ गृहस्थ होते. पुढे ते मुंबईचे गव्हर्नरही झाले. परंतु संग्रहालय स्थापण्यामागे केवळ विद्याव्यासंग होता असे मानणे भाबडेपणाचे होईल. नव्याने ताब्यात आलेल्या मुलखात कोळसा कोठे आहे, लोखंड कोठे आहे, साग-शिसवीची वने किती, डोंगरात कोणते लोक राहतात, ते काय पिकवितात आणि कोणती शस्त्रे बाळगतात, याची खानेसुमारी करणे ही राज्यकर्त्यांची निकड होती. आणि ज्या हातांनी जमाबंदीचे कागद तयार झाले त्याच हातांनी दालनांतील कपाटेही भरली गेली. या घराच्या पोटात प्रथम जमा झाले ते एका अपरिचित प्रांताचे वस्तुरूप दफ्तर, आणि त्याचा हा मूळ स्वभाव ध्यानात ठेवला म्हणजे एका छपराखाली पाषाणमूर्ती, पेंढा भरलेली जनावरे, भोसलेकालीन तलवारी आणि गोंडांची वाद्ये इतक्या निर्विकारपणे शेजारी-शेजारी कशी नांदतात याचा उलगडा होतो.

या दफ्तराला विद्येचे रूप ज्यांच्यामुळे आले, ते मात्र अंमलदार नव्हते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. धर्मोपदेश हे त्यांचे कार्य. परंतु ओढ्यांच्या दरडी, खडकांचे थर आणि डोंगरवस्तीतील माणसांची बोली यांच्याकडे त्यांचे मन असे काही वेधले गेले की, नागपूर प्रदेशाच्या भूस्तरशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. मांगलीच्या दगडांत त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन विलायतेतील विख्यात शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले. गोंडांमध्ये हिंडून हिस्लॉप यांनी त्यांच्या चालीरीतींची टिपणे केली आणि लिंगो या त्यांच्या आदिपुरुषाची दीर्घ गाथा गोंडी भाषेत उतरवून घेतली. लेखी परंपरा नसलेल्या त्या समाजाचे हे वाङ्मय कागदावर येण्याचा हा आरंभीचा प्रसंग होता. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून परतत असताना, पावसाने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडून मरण पावले. त्या वेळी टेंपल बोरीस मुक्कामास होते. हिस्लॉप यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. संग्रहालयाचा जन्म आणि या मनुष्याचा अंत एकाच वर्षी घडला. ज्या शिळावर्तुळांपायी त्यांचा जीव गेला ती लोहयुगीन दफने होत, आणि तशी वर्तुळे नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहूरझरी येथे आजही शेतांत पसरलेली आहेत. माहूरझरीच्या उत्खननात तर मृतांबरोबर पुरलेल्या घोड्यांच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. त्याच काळाच्या परंपरेतील शिळाप्रकोष्ठ ताडोब्याच्या शेजारी, चिमूर तालुक्यातील हिरापूर येथे उभे आहेत. त्यांना पाहावयास ओढा ओलांडावा लागत नाही, तरीही पाहावयास जाणारे थोडेच.

हिस्लॉप यांच्या दृष्टीस पडलेले आणखी एक ठिकाण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातले, वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव. तेथील शेतांतून महाकाय सरटांची (डायनोसॉरांची) अश्मीभूत हाडे आणि त्यांची शिळारूप झालेली विष्ठा मिळते, हे विद्वानांस दीड शतकापासून ठाऊक होते. परंतु त्या विष्ठेचे चूर्ण करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची बुद्धी अलीकडे झाली, आणि २००५ साली भारतीय व परदेशी संशोधकांच्या एका चमूने प्रसिद्ध केले की, तीत गवताच्या पेशींतील वाळूसारखे सूक्ष्म कण सापडले आहेत. तोवर सामान्य समजूत अशी होती की, गवत हे सरटांच्या निर्वाणानंतरचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या पिसदुऱ्याच्या त्या शेणखळ्याने हा सिद्धांत मोडीत काढला. ताडोब्याच्या कुरणात गवा मान खाली घालून चरत असतो तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञाला ज्या कुळाचा इतिहास आठवावा, त्याचा एक प्राचीनतम पुरावा तेथून चार घटकांच्या वाटेवर निघाला, ही गोष्ट मोहर्लीच्या कोणत्याही गाईडने छाती फुगवून सांगावी अशी आहे. विष्ठेचा उल्लेख मर्यादेला धरून नाही असे वाटून तो ती टाळीत असेल तर गोष्ट निराळी. पण वाघाची विष्ठा दाखविताना तर कोणी संकोचत नाही.

आता ज्या एका वस्तूसाठी मोहर्लीकराने नागपूरची वाट धरावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, तिच्याकडे वळतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तरेकडील नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे लहानसे गाव आहे. तेथे एक मोठी लेखयुक्त शिळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरातत्त्व खात्याचे जनरल कनिंगहॅम यांनी तिची दखल घेतली आणि १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखसंग्रहात तिचा समावेश केला. पुढे ती शिळा नागपूरच्या संग्रहालयात आणण्यात आली. तिच्याकडे प्रथमदर्शनी कोणाचे लक्ष जाईल असे तिच्यात काही नाही. मूर्तीला मुद्रा असते, शस्त्राला धार असते, नाण्याला निदान चकाकी तरी असते. लेख कोरलेली धोंड ही दालनातील सर्वांत अबोल वस्तू होय, आणि प्रेक्षक तिच्यासमोरून ज्या वेगाने जातो तो वेग जवळजवळ वाघ दिसल्यावर खांबांसमोरून जाणाऱ्या गाडीचाच असतो. परंतु वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारखा मनुष्य तिच्यापुढे बसला, तेव्हा ती बोलू लागली.

मिराशी हे कोकणातील. १८९३ चा त्यांचा जन्म. संस्कृतचे अध्यापक म्हणून ते नागपुरास आले आणि तेथेच स्थिरावले. विदर्भाचा प्राचीन इतिहास, आणि त्यातही वाकाटकांचा, हा त्यांचा जन्मभराचा विषय झाला. वाकाटकांच्या समग्र कोरीव लेखांचा त्यांनी संपादिलेला खंड १९६३ मध्ये प्रकाशित झाला. त्यांच्या कार्याची थोरवी अशी की, ताम्रपटातील एखादे खेडे आज कोणत्या नावाने नांदते हे शोधण्यासाठी ते तालुक्याचे नकाशे, गावांच्या याद्या आणि नद्यांचे प्रवाह इतक्या बारकाईने धुंडाळीत की, दीड हजार वर्षांपूर्वीचा दानपत्राचा विषय वाचकाला कालपरवाच्या फेरफाराच्या नोंदीइतका निकटचा वाटू लागे. देवटेकच्या शिळेवर मिराशींना दोन लेख मिळाले, एकाच दगडावर, पण परस्परांपासून काही शतकांच्या अंतराने कोरलेले. त्यांतील जुना लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. झिजून गेलेल्या त्या अक्षरांतून मिराशींनी लावलेला अर्थ असा की, कोणी एक स्वामी चिकंबरी येथे आज्ञा करीत आहे. प्राण्यांना पकडू नये, त्यांची हत्या करू नये, आणि जो करील तो दंडास पात्र होईल. लेखात चौदाव्या वर्षाचा निर्देश आहे. अशोकाने आपल्या अभिषेकानंतर तेराव्या वर्षी धर्ममहामात्र नेमले हे त्याच्याच शिलालेखांवरून ज्ञात असल्यामुळे, ही आज्ञा त्या व्यवस्थेतील एखाद्या अधिकाऱ्याची असावी, असे अनुमान मिराशींनी बांधले. काळाविषयी सर्व विद्वानांचे एकमत झालेले नाही. पण लेख अतिप्राचीन आहे यात वाद नाही. आणि चिकंबरी? देवटेकच्या जवळच चिकमारा नावाचे खेडे आज आहे.

क्षणभर या योगायोगाकडे पाहावे. ज्या जिल्ह्यात १९५५ मध्ये महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, ज्या उद्यानाच्या भोवती पुढे १९८६ चे अंधारी अभयारण्य आले आणि १९९५ च्या सुमारास दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, ज्याच्या प्रत्येक फाटकावर आज काय करू नये याची लांबलचक यादी रंगविलेली असते, त्याच जिल्ह्याच्या उपलब्ध लेखांपैकी अतिप्राचीन असा हा लेख म्हणजे पशुपक्ष्यांना धरण्या-मारण्याची मनाई होय. मला येथे अतिशयोक्ती करावयाची नाही. अशोककालीन अहिंसेची प्रेरणा आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची प्रेरणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या मुळाशी पापपुण्याचा विचार आहे, दुसरीच्या मुळाशी एखादी जात नामशेष होण्याची धास्ती. शिवाय आज्ञा कोरावी लागली याचा अर्थच असा की, चिकंबरीच्या रानात पारध जोरात चालत असली पाहिजे. शिकार न करणाऱ्यांच्या गावात असा दगड उभारण्याचे प्रयोजनच नव्हते. आणि हेही विसरता येत नाही की, रानावर जगणाऱ्या माणसाला त्या मनाईने काय वाटले असेल हे कोणत्याही दगडावर लिहिलेले नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ताडोब्याच्या पोटातील जामणी, नवेगाव यांसारखी गावे आमच्या डोळ्यांदेखत उठून बाहेर वसली. त्यांच्या बाजूची नोंद पुनर्वसनाच्या फायलींखेरीज कोठे आहे, हा प्रश्न या शिळेसमोर उभे राहिल्यावर मनात आल्यावाचून राहत नाही.

शिळेवरील दुसरा लेख संस्कृतात असून तो वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा निर्देश करतो. त्यातही गावाचे तेच नाव किंचित बदललेल्या रूपात येते. हा राजा इसवी सनाच्या चौथ्या शतकातला, आणि वाकाटकांच्या ताम्रपटांत त्याचे वर्णन महाभैरवाचा परम भक्त असे केलेले आहे. भैरवाच्या या उपासकाने आपल्या देवस्थानाचा लेख कोरविण्यासाठी नेमकी अहिंसेची आज्ञा असलेलीच शिळा निवडावी, यात जुना धर्म पुसण्याचा हेतू होता, की आयता तासलेला प्रशस्त दगड गावात पडला आहे तर नवा कशाला फोडावा हा पाथरवटाचा व्यवहार होता? मला, अरण्यातील माणसांची काटकसर पाहता, दुसरी शक्यताही तितकीच खरी वाटते. मधल्या काही शतकांत पहिला लेख वाचू शकणारा कोणी चिकंबरीत उरला तरी असेल का, याची शंकाच आहे.

अन्य दालनांविषयी इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही, जरी विद्वानांच्या तराजूत त्यांतील काही वस्तू देवटेकच्या शिळेहून अधिक वजनाच्या ठरतील. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० मध्ये एकाच ठिकाणी मिळालेली ४२४ ताम्रायुधे आणि १०२ चांदीचे पत्रे, यांतील काही भाग येथे आहे, काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. रामटेकजवळच्या हमलापुरीस १९८२ मध्ये सापडलेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्ती मात्र थांबून पाहाव्यात. वाकाटकांच्या राज्यात ब्राह्मणधर्माच्या राजाश्रयाबरोबर बौद्ध उपासनाही राजधानीच्या परिसरात नांदत होती, हे सांगण्यासाठी त्यांच्या शांत मुखांइतकी दुसरी साक्ष नको. भूमीत सापडलेले द्रव्य सरकारजमा कसे करावे याचा कायदा १८७८ चा, आणि शेतकऱ्याच्या नांगराला लागलेला ताम्रपट पाटलाकडून तहसीलदाराकडे, तेथून कलेक्टर कचेरीत आणि अखेर संग्रहालयात पोहोचण्याची जी वाट त्याने घालून दिली, त्या वाटेनेच विदर्भाचा निम्मा इतिहास उजेडात आला. वाटेत किती तांबे वितळले याचा हिशेब अर्थातच कोणत्याही कचेरीत नाही.

आदिवासी दालनात मात्र मोहर्लीकडचा मनुष्य थोडा अवघडतो. चांदा-गडचिरोलीच्या गोंड, माडियांच्या घरांतली भांडी, दागिने, मासेमारीची साधने, नाचातली वाद्ये काचेआड मांडलेली पाहताना नागपूरच्या शाळकरी मुलाला जे गतकाळाचे वाटते, ते त्याला आपल्या आत्याच्या घरातले वाटते. भामरागडकडच्या खेड्यात आजही ढोल वाजतो आणि गोटुलाची जागा गावकऱ्यांना ठाऊक आहे. जिवंत वस्तू आणि मेलेली वस्तू यांच्यातला हा भेद संग्रहालयाच्या पाटीवर लिहिता येत नाही, आणि १८६३ च्या खानेसुमारीची जुनी दृष्टी अशा दालनांतून नाही म्हटले तरी डोकावते. परंतु न्यायाची बाजू हीही आहे की, ज्या वस्तू घरोघरी अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक शिरल्याने दिसेनाशा झाल्या, त्यांतील काहींचा आकार नातवंडांना दाखवायला आता हेच घर उरले आहे. प्राणिविभागातील पेंढा भरलेल्या वाघासमोर तर ताडोब्याहून आलेल्या माणसाने हसू आवरणेच सभ्यपणाचे. त्याच्या काचेच्या डोळ्यांना बिचाऱ्या कारागिराने जो क्रूरपणा दिला आहे, तो खऱ्या वाघाच्या चेहऱ्यावर मी तरी कधी पाहिलेला नाही. तो बहुधा कंटाळलेला दिसतो.

मग या साऱ्या वस्तू आपल्या मूळ ठिकाणी परत याव्यात काय, चांद्याला किंवा मोहर्लीलाच एक संग्रहालय होऊन देवटेकची शिळा तेथे आणावी काय, असा प्रश्न स्थानिक अभिमानी मंडळींकडून वेळोवेळी निघतो. माझे मत याविरुद्ध आहे, आणि त्याला कारण जागेवर राहिलेल्या वस्तूंची अवस्था हेच आहे. चंद्रपूर शहरात लालपेठेस अजस्र एकपाषाणी मूर्तींचा एक समूह उघड्यावर पडून आहे. रायप्पा नावाच्या धनिक कोमट्याने मोठे देवालय बांधण्याचे मनात आणून त्या घडविल्या, आणि देवालय उभे राहण्याआधीच त्याचा अंत झाला, असे परंपरा सांगते. दुर्गेची प्रचंड मूर्ती आजही आडवीच आहे, आणि तिला रावण समजून पाहणारेही पुष्कळ आहेत. हा मूर्तिसमूह संरक्षित स्मारक आहे. पण खाणी आणि वस्तीने वेढलेल्या शहरात संरक्षण या शब्दाला किती अर्थ उरतो, हे तेथे जाऊन पाहावे. मार्कंड्यास १८७३-७४ मध्ये कनिंगहॅम गेले तेव्हा १९६ फूट लांब आणि ११८ फूट रुंद आवारात वीसेक देवालयांचा समूह त्यांनी मोजून नोंदविला, आणि त्याची मुक्त कंठाने प्रशंसा केली. त्याआधीच मुख्य देवालयाच्या शिखरावर वीज कोसळून ते ढासळले होते. वीज पडली हा कोणाचा अपराध नव्हे. परंतु उन्हा-पावसात उभ्या असलेल्या दगडाचे आयुष्य किती परस्वाधीन असते हे त्यावरून कळते.

आणि याउलट, नुसत्या नकलेचे मोल केवढे असते, याची साक्ष छत्तीसगडातील किरारीच्या लाकडी खांबाने दिली आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अवर्षणाने तेथील तलाव आटला, तेव्हा तळाच्या चिखलातून ब्राह्मी लेख असलेला एक प्राचीन स्तंभ निघाला. पाण्यात शतकानुशतके टिकलेले ते लाकूड बाहेर उन्हात ठेवताच तडकले, आणि अक्षरांच्या ढलप्या उडू लागल्या. सुदैवाने गावातील एका पंडिताला लिपी कळत नसतानाही अक्षरांचे आकार जसे दिसले तसे कागदावर उतरवून ठेवण्याचे सुचले. विद्वान आले तेव्हा बहुतेक लेख गेला होता. जे वाचन आज ग्रंथांत आढळते ते मुख्यतः त्या ग्रामीण पंडिताच्या नकलेवरून. खांब आधी नागपूरला आला, आता रायपूरच्या संग्रहालयात आहे. त्याच्यावरील अक्षरे मात्र कागदानेच वाचविली.

म्हणून माझी सूचना अगदी माफक आहे. देवटेकची शिळा नागपुरातच असावी. मोहर्लीला तिचा ठसा यावा. ठसा घेण्याची रीत जुनी आणि स्वस्त आहे: दगड पाण्याने व कुंचल्याने स्वच्छ धुवावा, त्यावर ओला, खळ नसलेला कागद पसरावा, आणि राठ केसांच्या ब्रशाने तो असा ठोकावा की कागद प्रत्येक अक्षराच्या खाचेत जाऊन बसेल; मग शाई लावलेल्या गादीने वरून हलके थोपटीत गेले म्हणजे पृष्ठभाग काळा होतो आणि खाचांतील अक्षरे पांढरी उमटतात. असा एक ठसा काचेत बसवून, खाली मराठीत आणि गोंडीत त्याचा अर्थ लिहून, मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी जेथे गाड्या तपासणीसाठी थांबतात तेथे लावावा. तेथे प्रेक्षक आयता मिळतो, त्याला करण्यासारखे दुसरे काही नसते, आणि मोबाइलही अनेकांना आत नेता येत नाही. नागपूरच्या दालनात जी शिळा दिवसाकाठी चार जण थांबून पाहत असतील, तिचा ठसा येथे एका पहाटे शंभर जणांच्या नजरेखालून जाईल. ज्यांची पोरे आज गाईड म्हणून काम करतात त्या गोंड आणि माना घरांतील मुलांना, आपल्या मुलखातील रानाविषयी कोणी एके काळी काय फर्मावले होते, ते पुस्तकाआधी दगडावरून कळेल. त्यांनी त्यावर काय मत द्यावे हे त्यांचे ते ठरवतील.

तोवर मूळ शिळा पाहावयाची तर नागपूर गाठणे भाग आहे, आणि त्यासाठी मोहर्लीकरांची सोय आपोआप झालेली आहे. संग्रहालय सोमवारी बंद असते, ताडोब्याचा गाभा मंगळवारी. मंगळवारी पहाटे गाईडला काम नसते, जिप्सी अंगणात उभी असते, आणि चिमूरवरून उमरेडमार्गे निघालेला माणूस संग्रहालय उघडण्याच्या वेळेस सिव्हिल लाइन्समध्ये पोहोचू शकतो. आत शिरल्यावर वाघाकडे, तलवारींकडे आणि मूर्तींकडे न वळता शिलालेख कोठे आहेत हे आधी विचारावे. नाहीतर दुपारचे जेवण आड येते आणि दगड पाहावयाचा राहून जातो.